एक्क्याऐंशी किलो

पिपरबोडीच्या नाट्यमंडळात कुठल्याही गड्याचं खरं माप मोठ्यानं सांगायचं नाही, असा एक न लिहिलेला कायदा होता, आणि तो चालत होता चंदाबाई बोरकुटेच्या जिभेवर. मंडळाचे सगळे पोशाख ती शिवायची. दिवाळी उलटून मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे आणि रात्रभराच्या नाटकांचे दिवस आले की तिच्या ओसरीवर राजे, प्रधान, सावकार आणि इन्स्पेक्टर हात वर करून रांगेत उभे राहायचे. ती टेप फिरवायची. छाती चौतीस निघाली की तोंडानं अडतीस म्हणायची, पोट बेचाळीस निघालं की छत्तीस. समोरचा खूश होऊन घरी जायचा आणि कापड कापलं जायचं ते खऱ्या मापानं. खरा आकडा तिच्या डोक्यात शिरला की तिथून बाहेर पडत नसे. कोणत्या राजाच्या खांद्यात किती कापूस आहे, कोणता प्रधान श्वास कोंडून माप देतो, हे तिला पाठ होतं, आणि त्यावरून माणसाचा हिशेब ती बसल्या बसल्या मांडून टाकी. छाती वाढवून मागणारा बायकोला भीत असतो. पोट आत ओढणारा आला की समजायचं, तालमीला नवी नटी आली आहे.

सगळ्यात जास्त कापूस खर्ची पडे तो तिच्या स्वतःच्या नवऱ्यावर. गुणवंतराव मंडळाचे अध्यक्ष, आणि लग्नाच्या आधीपासूनचे राजे. त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या बल्लीपर्यंत पोचायचा. मधेच माईक बंद पडला तरी मागच्या लोकांना पत्ता लागत नसे. अंग मात्र बांबूच्या कमटीसारखं. आवाज एकाला आणि हाडं दुसऱ्याला द्यायची, ती देवानं गडबडीत एकाच गाठोड्यात बांधली, असं चंदाबाई म्हणे. तिनं त्यांच्यासाठी जाड अस्तराची एक बंडी करून ठेवली होती. ती आत घातली, वरून जरीचा कोट चढवला, की गुणवंतराव खरोखरच एखाद्या मुलखाचे मालक दिसायचे.

गोष्ट बिघडली ती शेजारच्या गावच्या दादाजींमुळे. त्यांच्या मंडळानं त्यांची गूळतुला केली. मंचावर मोठा तराजू टांगला, एका पारड्यात दादाजी, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. अठ्ठ्याहत्तर किलो भरले. त्या गुळाचा खडा पिपरबोडीतही घरोघर आला आणि गुणवंतरावांना तो काही गोड लागला नाही. पुढच्या मंडईत पिपरबोडीच्या मंडळानं त्यांची एकसष्टी धरली, तुलाही ठरवली. तुलेला आठ दिवस उरले तेव्हा गुणवंतराव घरातल्या धान मोजायच्या काट्यावर गुपचूप जाऊन उभे राहिले.

"एकसष्टीले एकसष्ट किलो," चंदाबाई मागून म्हणाली. "बराबर तर आहे."

"हासू नोको. दादाजी अठ्ठ्याहत्तर भरला."

"मंग त्याच्यावानी खा न."

"आठ दिवसात?" ते काट्यावरून उतरले, थोडा वेळ कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "तुह्या त्या बंडीत खिसे होतीन का वं?"

झाले. आडवे, उभे, पाठीमागे, काखेखाली, जिथं जागा होती तिथं झाले. नदीची बारीक रेती चाळून, वाळवून तिनं खिशांत भरली आणि वरून टीप मारली. वीस किलो. दादाजींच्या वर तीन किलो, जास्तही नाही. फार झालं तर लोक बारकाईनं बघतात, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. तुलेच्या दिवशी गुणवंतराव मंचावर इतके सावकाश चालत आले की पुढच्या रांगेतल्या बाया म्हणाल्या, "बाप्पा, काय रुबाब!" रुबाब कसला, गुडघे वाकत होते. मंडळातला जुना विनोदी नट पोचू माईकवर होता. त्यानं घसा फुटेस्तोवर ओरडून आकडा सांगितला, "एक्क्याऐंशी किलो!" गोपालनं, म्हणजे गुणवंतरावांच्या पुतण्यानं, मांडवाबाहेर फटाक्यांची लड लावली.

त्या वीस किलोंची गोष्ट नवराबायकोच्या पलीकडे गेली नाही. पोरबाळ नसलेल्या घरात ती एखाद्या लेकरासारखी लाडाची होऊन बसली. गुणवंतरावांनी ताटात भात जास्त घेतला की चंदाबाई विचारी, "रेती वाढू का संगं?" आणि राजे ठसका लागेपर्यंत हसत.

*

पौषातली सकाळ होती. गुणवंतराव अंगणात उन्हाला बसून नवीन नाटकाचे संवाद घोकत होते आणि चंदाबाई चुलीपाशी होती. "सेनापती, वेशीचे दरवाजे बंद करा," हे वाक्य त्या सकाळी तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिचेच कान दरवाजे बंद करायला निघाले होते. मग ते वाक्य मधेच लोळल्यासारखं झालं. "दरवाजे" म्हणताना तोंडात पिठाचा गोळा असावा तसा आवाज आला. ती बाहेर आली तोवर त्यांच्या हातातली वही खाली पडली होती, तोंडाचा उजवा कोपरा उतरला होता, आणि ते उजव्या हाताकडे असे बघत होते जणू तो दुसऱ्या कुणाचा, चुकून त्यांच्या मांडीवर ठेवलेला.

पोचू धावत आला. "लकवा आहे, वैनी. आमच्या सासरवाडीले एक बुवा आहे, तेल देते…"

"पोचूकाका, तेल तुमी लावा," गोपालनं गाडी अंगणात घेत म्हटलं. त्यानं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले होते, इकडे आणू नका, थांबू नका, थेट चंद्रपूर गाठा, साडेचार तासांच्या आत पोचलात तर एक इंजेक्शन असतं. गुणवंतरावांना दोन स्वेटर, कोट, मफलर, वरून ब्लँकेट असं गुंडाळून मागच्या सीटवर घातलं, पोचू पुढं बसला. मूल गावाच्या पुढच्या जंगलात गोपालनं गाडी कशी हाणली ते चंदाबाईनं बघितलं नाही. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती त्यांच्या डाव्या डोळ्यात बघत होती. तो डोळा जागा होता, आणि पार भ्यायलेला होता.

चंद्रपूरच्या दवाखान्यात सगळं भरभर झालं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, पेंदोर आडनावाचे, गडचिरोलीकडचे. बोलणं साधं आणि वेगानं.

"मेंदूची एक नस बंद झाली आहे. आत रक्ताची गाठ बसली आहे. गाठ विरघळवायचं औषध आहे आमच्याकडे, आणि तुम्ही वेळेत आला आहात. पण त्याच औषधानं काही जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. ते सांगणं माझं काम आहे. देऊ?"

"द्या," चंदाबाई म्हणाली आणि सही केली.

"पेशंटचं वजन किती? त्यांना उभं करता येत नाही आणि खाटेसकट मोजायचा काटा आमच्याकडे नाही. नक्की माहीत असेल त्यानंच सांगा."

गोपालला विचार करावा लागला नाही. "एक्क्याऐंशी."

"नक्की?"

"तुला झाली आहे सर त्याइची. गुळाची. पुऱ्या गावासमोर."

"माईकवर मीच होतो साहेब," पोचू म्हणाला. अशा घडीलाही त्याची छाती इंचभर पुढे आली. "एक्क्याऐंशी. दोन वर्ष झाले, पण आमचा राजा कमी होणाऱ्यातला नाई."

डॉक्टरांनी खाटेकडे पाहिलं. स्वेटर, कोट, मफलर, ब्लँकेट. त्या बोचक्यात साठ किलोंचा माणूस आहे की ऐंशीचा, हे चटकन कळण्यासारखं नव्हतं, आणि घड्याळ काही थांबलेलं नव्हतं. "बाई, एक्क्याऐंशी ना?" त्यांनी चंदाबाईला विचारलं.

गुणवंतरावांचा डावा हात तिच्या हातात होता. तो एकदम आवळला गेला.

ही पकड तिच्या ओळखीची होती. मंचावर जायच्या आधी, विंगेत, कोटाची शिवण उसवली किंवा पहिलं वाक्य आठवेना झालं की राजे असाच तिचा हात दाबायचे. त्याचा अर्थ एकच होता: सांभाळ, कोणाले दिसू देऊ नोको. आणि ती टाचण्या लावून, नाहीतर कानात वाक्य सांगून सांभाळायची. आत्ताही तो डोळा तिच्यावरच रोखलेला होता. समोर गोपाल होता, पोचू होता. उद्या हे गावात जातील, परवा ते दादाजींच्या ओसरीवर पोचेल. बोलता न येणाऱ्या माणसाची अब्रू त्याच्या डोळ्यादेखत अशी खाटेवर उघडी करायची? शिवाय आकडा तो काय, कागदावरच जाणार. शाळेत वय लिहितात, रेशनच्या कार्डावर लिहितात. आयुष्यभरात तिनं कागदावर खरा आकडा गेलेला फारसा पाहिलेला नव्हता, आणि त्यानं कुणाचं काही अडलेलंही नव्हतं.

तिनं मान हलवली. हो.

*

औषधाचा थोडा भाग सुईनं एकदम दिला आणि उरलेला एका यंत्राला लावला. तासाभरात सावकाश जायचा होता. करिष्मा नावाची सिस्टर बाजूला बसली. ती सारखी रक्तदाब बघायची, गुणवंतरावांना डावा हात उचला म्हणायची, उजवा उचला म्हणायची, आणि यंत्राकडे नजर टाकायची. गोपाल दाराशी उभा राहून गावातले फोन घेत होता. पोचू पायथ्याशी बसून राजाचे तळवे चोळत होता.

"सिस्टर," तो म्हणाला, "हा माणूस उठला ना, तं तुमाले पहिल्या रांगेतली खुर्ची. फुकट."

"काका, तुम्ही हळू बोला. आणि एवढे लोक इथं थांबू नका."

"मी लोक नाई, मी ह्याचा विदूषक आहो."

मग गुणवंतरावांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. पोचूनं आधी पाहिलं आणि तो लहान पोरासारखा ओरडला. करिष्मानं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी पाय उचलायला सांगितला, आणि तो पाय खाटेवरून बोटभर वर आला. सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडला. चंदाबाईनं पदर तोंडाला लावला. "गुणकारी आहे वं माय दवाई," ती म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "सगळ्याइले इतलीच देता का?"

"नाही काकू. ही वजनावर असते," करिष्मा म्हणाली. "दर किलोमागं ठरलेली. कमी झाली तर गाठ विरघळत नाही, जास्त झाली तर रक्तस्रावाची भीती. म्हणून तर सरांनी दोनदा विचारलं."

चंदाबाईचा पदर तोंडाला लागलेला होता तो तिथंच राहिला.

तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण कापडाचा हिशेब ती मनातल्या मनात करायची. एकसष्टच्या अंगाला एक्क्याऐंशीचं कापड. कापड ढगळ झालं तर टीप मारता येते. ती यंत्राकडे बघू लागली. औषध जात होतं, आणि त्याचा आवाजही येत नव्हता.

आता सांगायला पाहिजे, हे तिला लगेच कळलं. त्यात काही गोंधळ नव्हता. गोंधळ होता तो पायथ्याशी बसलेल्या पोचूचा. त्याच्यासमोर कसं सांगायचं? हे दोघं जरा बाहेर गेले की सिस्टरच्या कानात सांगू, असं तिनं ठरवलं. एवढी घटकाभराची तर गोष्ट.

"पोचूभाऊ, जा न, चहा घेऊन या. सकाळपासून पोटात काई नाई तुमच्या."

"नाई वैनी. हा उठला का दोघं संगं पेऊ."

"गोपाल, भाऊले घेऊन जा बरं बाहीर."

"काकू, ते ऐकते का कोणाचं? मी जातो, तुमाले चहा आणतो." गोपाल गेला. पोचू बसून राहिला.

"भाऊ, गाडीत शाल राह्यली माही."

"गोपाल आणते न. थांबा, फोन लावतो त्याले." पोचूनं फोन लावला आणि पुन्हा तळवे चोळायला घेतले. "वैनी, याचे पाय कवाचेच असे थंडे राह्यते. मंचावर अनवाणी उभा राह्यला का मी म्हणाचो, राजा, तुह्ये पाय तं भिकाऱ्याचे आहेत."

गुणवंतरावांच्या डाव्या गालावर हसू आल्यासारखं झालं. चंदाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडात जुळलेलं वाक्य परत घशात गेलं. अंगठा हलला, पाय हलला, आता हसूही आलं. जास्त दवाईनं जास्तच गुण येत असंल तर? असा एक विचार तिच्या मनाला चाटून गेला. तो विचार खोटा आहे हे तिला माहीत होतं. स्वतःला खोटं माप सांगायची पाळी तिच्यावर पहिल्यांदा आली होती. नवऱ्याचा हात पुन्हा आवळला गेला. ती वाट बघत राहिली. पोचूला लघवी लागेल, फोन येईल, काहीतरी होईल. मित्राच्या पायाशी इतक्या मायेनं बसलेल्या माणसाचा तिला त्या दिवशी आला तेवढा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

शेवटी करिष्मानंच एक चिठ्ठी लिहून पोचूच्या हातात दिली. "काका, खालच्या मेडिकलमधून हे आणा." पोचू कुरकुरत उठला. दार लागलं.

"सिस्टर, याइचं वजन एकसष्ट आहे."

"काय?"

"एक्क्याऐंशी नाई. तुलेच्या दिवशी आंगात बंडी होती, तिच्यात रेती होती. मीच शिवली होती."

करिष्मा हसली नाही, की रागावली नाही. तिनं आधी यंत्राचं बटण दाबलं आणि मग डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले. त्यांनी ब्लँकेट काढलं, मफलर काढला, कोट बाजूला केला, दोन्ही स्वेटर वर सरकवले. खाली बरगड्या दिसल्या. मग त्यांनी यंत्रावरचा आकडा बघितला, कागदावर आकडेमोड केली.

"एकसष्टला जेवढं द्यायचं तेवढं जाऊन झालं," ते म्हणाले. "त्याच्या वरही गेलं आहे." मग हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्हाला हे कधी आठवलं?"

"आठवलं नाई सायेब. माहीतच होतं."

*

दुपारपर्यंत काही झालं नाही. चंदाबाईनं तेवढ्यात गावाबाहेरच्या देवीपासून ते ताडोब्याच्या देवापर्यंत सगळ्यांना काय काय कबूल करून टाकलं. पोचू औषध घेऊन आला, आणि यंत्र बंद का, म्हणून त्यानं विचारलं. "झालं त्याचं काम," ती म्हणाली. पोचूला ते पटलं. तो पुन्हा पायथ्याशी बसला.

मग गुणवंतरावांनी डावा हात कपाळावर नेला. तो हात कपाळावरून हलेना. त्यांना ओकारी आली, रक्तदाब चढला, आणि बोटभर उचललेला पाय पुन्हा ओंडक्यासारखा पडला. त्यांना परत मेंदूच्या फोटोला नेलं. या वेळी चंदाबाईला आत येऊ दिलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली, शेजारी पोचू, समोर गोपाल चहाचा थर्मास धरून.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी कुणाला बसा म्हटलं नाही. "मेंदूत रक्तस्राव झाला आहे," ते म्हणाले. "थांबवायचे उपाय सुरू केले आहेत. जीव वाचवायचा प्रयत्न करू. पण नुकसान मोठं आहे. आणि वजन चुकीचं सांगितलं गेल्यामुळे औषध जरुरीपेक्षा जास्त गेलं होतं, हेही तुम्हाला सांगायला हवं."

"चुकीचं?" पोचू म्हणाला. "माईकवर…"

गोपालचा चेहरा पांढरा पडला. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "सर, मी सांगितलं. मीच म्हटलं एक्क्याऐंशी." लहानपणी आईबाप गेल्यापासून याच काकानं त्याला वाढवलं होतं.

तो पोरगा ते ओझं उचलून घ्यायला निघाला होता. चंदाबाई गप्प राहिली असती तर त्यानं ते जन्मभर वाहिलं असतं, आणि कुणी तिला काही विचारलंही नसतं. पण गप्प राहण्याचं काय होतं ते तिनं नुकतंच पाहिलं होतं.

"तुले काय माहीत, बेटा," ती म्हणाली. "तुह्या काकाच्या बंडीत मी वीस किलो रेती शिवली होती. डॉक्टरनं मले विचारलं तवा मान मी हलवली. आन् सिस्टरनं सांगतल्यावरही मी थांबली. पोचूभाऊ बाहीर जायची वाट पाहात होती."

हसवण्यात ज्याची हयात गेली त्या पोचूच्या तोंडाला कोणता आकार द्यावा हे त्यालाच कळेना. "माह्यी?" एवढंच तो म्हणाला. "वैनी, माह्यी वाट पाहात होते तुमी?" आणि तो तिथंच फरशीवर बसला.

डॉक्टर आत जायला निघाले होते. चंदाबाई त्यांच्या मागं चार पावलं गेली. "सायेब, मी पयलेच सांगतलं असतं तं?"

"सांगता येत नाही, बाई."

"खरं सांगा. मले खोटं नोको."

"खरंच सांगतो. बरोबर मात्रा दिली तरी काही जणांना रक्तस्राव होतो. मात्रा जास्त झाली की धोका वाढतो. यांना कशामुळे झाला हे मी सांगू शकत नाही, जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. आणि ते ब्लँकेट मी आधीच काढून बघायला हवं होतं. ती चूक माझ्याकडे."

तिला हो हवं होतं, नाहीतर नाही हवं होतं. दोन्हीपैकी कशाहीसोबत ती जगली असती. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं तिला खरं माप दिलं. आणि त्याचं काही शिवता येईना.

*

गुणवंतराव वाचले. होळीच्या आसपास त्यांना घरी आणलं. उजवं अंग गेलं ते गेलंच. वाचा गेली, पण एक शब्द मागं राहिला. हो. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. ऊन लागते का, हो. सावलीत सरकवलं, आता बरं वाटते का, हो. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं. तो शब्द ते मुद्दाम निवडत नाहीत, तोंडातून तेवढाच निघतो. आवाज मात्र पूर्वीचाच होता. त्या आवाजातला "हो" गोठ्यापलीकडे ऐकू जायचा, आणि रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, या घरात आनंदीआनंद चालला आहे.

रेतीची गोष्ट गावात पसरली. चंदाबाईला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही, आणि ते तिला जास्त जड गेलं. दादाजी एकदा येऊन अंगणात बसून गेले. "गुणवंता, तू पयलेपासून राजाच होता रे," ते म्हणाले. गुणवंतराव म्हणाले, "हो." दादाजींनी डोळे पुसले. गोपाल रोज सकाळी काकाला आंघोळ घालायला यायचा आणि काकूकडे न बघता निघून जायचा. पोचू संध्याकाळी यायचा. त्यानं चंदाबाईशी बोलणं तोडलं नव्हतं, फक्त तिच्यासमोर विनोद करणं सोडलं होतं. राजाच्या कानाशी मात्र त्याची कुजबूज चालायची.

"यंदा नाटक धरू का?"

"हो."

"तू करशील राजा?"

"हो."

"का मी करू?"

"हो."

"म्हणजे दोघंही राजे. मंग भिकारी कोण, तुहा बाप?"

"हो," राजे गरजायचे, आणि पोचू हसत हसत गोठ्यामागं जायचा. तिथून यायला त्याला वेळ लागायचा.

मोहाची फुलं पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी कोणी नव्हतं. पातळ काही दिलं की गुणवंतरावांना ठसका लागायचा, म्हणून चंदाबाई घट्ट पेज करून वाटीत निववत होती. ती त्यांच्यासमोर बसली. इतक्या महिन्यांत तिनं जे विचारलं नव्हतं ते त्या दिवशी का विचारलं, तिला सांगता आलं नसतं.

"अजी," ती म्हणाली, "डॉक्टरनं वजन विचारलं तवा तुमी माहा हात दाबला होता. आठवते का?"

"हो."

"सांगू नोको म्हणत होते न तुमी?"

"हो."

तिचा श्वास सुटला. घटकाभर तिला हलकं वाटलं. मग तिनं त्यांच्या डोळ्यात बघितलं. तो डोळा तसाच होता, जागा आणि भ्यायलेला, गाडीत होता तसाच. ती जरा पुढे सरकली.

"का सांग म्हणत होते? चंदा, खरं सांगून टाक. असं म्हणत होते?"

"हो," गुणवंतराव म्हणाले. तितक्याच मोठ्यानं, तितक्याच खणखणीत.

आणखी एकदा विचारायला तिनं तोंड उघडलं. त्यांनी तिच्याकडे उत्सुकतेनं बघितलं, पुढचं वाक्य कधी येतं याची वाट बघत असल्यासारखं. तिनं विचारलं नाही. वाटी हातात घेतली, बोट बुडवून पाहिलं. पेज अजून कोमट होती. तिनं चमचा भरला, त्यांच्या तोंडाच्या डाव्या बाजूनं आत सोडला, आणि त्यांचा घसा वर होऊन खाली येईपर्यंत बघत राहिली.